फाइलला काय लावायचं?

सोमवार, ५ जानेवारी

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. सांगली, संस्थेचं कार्यालय, खिडकी क्र. २. वेळ नीट लिहून ठेवते. पुढे लागणार.

या वेळी, या ठिकाणी, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका मुलीनं मला सांगितलं, "आजी, आमच्या सर्टिफिकेटची प्रत काढता येत नाही. प्रत काढणं हा गुन्हा आहे."

आजी! एकतीस वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक म्हणून. ती खिडकी वर सरकवताना अडकते, डाव्या कोपऱ्यातून ढकलावी लागते, हेसुद्धा मीच तिला सांगितलं. सकाळपासून अर्ध्या फटीतून कारभार चालला होता.

काम माझं नव्हतंच. शेजारच्या बशीरभाई टेलरांची रुखसाना. आमच्याच संस्थेच्या कॉलेजात नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यात निवड झाली. कागदपत्रं २३ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत साताऱ्याच्या कार्यालयात जमा करायची. नाहीतर नाव खाली आणि मागची वर. मागे प्रतीक्षा यादी मारुतीच्या शेपटीएवढी.

आणि सर्टिफिकेट त्या कागदावर. नुसतं बघितलं तर फिकट निळं, सुंदर. झेरॉक्स काढली की आडवंतिडवं "अवैध अवैध अवैध" उमटतं. स्कॅन केलं तरी तेच. साताऱ्याचा तपासणीवाला क्लार्क तिला म्हणाला, "ताई, मूळ मी डोळ्यांनी बघितलं, खरं आहे. पण मूळ तुम्ही घरी नेणार. मग मी फाइलला काय लावू?"

त्याचं काय चुकलं? काही नाही. म्हणून संस्थेची शिक्क्याची प्रत आणायला मी गेले. तर खिडकीतली मुलगी म्हणते, "हरवल्याची पोलीस तक्रार द्या, मग दुय्यम प्रत मिळते."

"पण हरवलेलं नाहीये."

"तक्रारीत हरवलं म्हणायचं, आजी."

"आणि दुय्यम प्रत कुठल्या कागदावर मिळते?"

"त्याच."

परतीच्या एसटीत कराडपर्यंत स्वतःशी बोलत होते. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

मंगळ., ६ जाने. सातारा

रुखसानानं पाच दुकानांत झेरॉक्स काढून बघितली. फिकट, गडद, रंगीत. एका दुकानदारानं मशीन बिघडलं समजून ते उघडून पुसलं. मोबाइलवर फोटो काढला तर अक्षरांवर अशा लाटा, की सर्टिफिकेट विहिरीत पडलंय आणि आपण वरून वाकून वाचतोय.

बशीरभाईंनी ते सर्टिफिकेट खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं, कापड धरतात तसं. जन्मभर फौजींच्या वर्द्या शिवल्या त्यांनी. म्हणाले, "बाई, वर्दीला नकली बटण लावलं तर माज्या बोटाला कळतंय. ह्यास्नी अख्खा कागद हातात घिऊन कळंना व्हय, खरा हाय का खोटा?"

"कळतं हो. फाइलला लावायला काही नाही, हे दुखणं आहे."

"मग मूळच लावून टाकू."

"अब्बा!" रुखसाना किंचाळली. तिला एकच सर्टिफिकेट मिळालंय, आयुष्यभराचं. तिच्या आईनं, झुबेदानं, ते घेऊन परत प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी उशीच्या अभ्र्यात, अभ्रा कपाटात. हेसुद्धा एक प्रकारचं संरक्षणच.

मी त्यांना म्हटलं, माझ्यावर सोडा. म्हटलं खरं.

गुरु., ८ जाने.

साळुंखेला फोन. (यापुढे नुसतं सा.) माझ्या हाताखाली ज्युनिअर क्लार्क म्हणून आला तेव्हा टाचणी कुठल्या कोपऱ्यात लावायची तेही कळत नव्हतं. आता तो अधीक्षक, माझ्या खुर्चीत.

"मॅडम! किती दिवसांनी आवाज ऐकला!"

"अजून बराच ऐकायचाय. प्रत का देत नाही?"

"नियम आहे, मॅडम."

"कुणी केला?"

तिकडून दबका खोकला. मग, "तुम्ही एकदा येऊनच जा, मॅडम. फोनवर सांगण्यासारखं नाही."

घाबरलाय. बरं झालं.

शुक्र., ९ जाने. सांगली

घाबरलेला नव्हता. हसू दाबत होता.

म्हटलं, नियम दाखव. म्हणाला, दाखवता येतो, देता येत नाही. सगळी जुनी दफ्तरं स्कॅन करून कुलूपबंद केलीत. फक्त त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतात. छापता येत नाहीत, उतरवून घेता येत नाहीत, आणि तीन मिनिटांनी आपोआप मिटतात. मूळ रजिस्टरं मिरजेच्या गोदामात.

"मग तू काम कसं करतोस?"

"भराभर वाचतो, मॅडम."

पासवर्ड टाकला. पडद्यावर एक टिपणी उघडली. "यापुढे संस्थेचे प्रमाणपत्र ज्याची छायाप्रत निघूच शकणार नाही अशाच कागदावर छापावे. कोणत्याही सबबीवर, कोणासही, कोणत्याही स्वरूपात प्रत देण्यात येऊ नये."

भाषा कडक, मुद्देसूद. मला आवडली. कोण बरं हा शहाणा, म्हणून खाली सही बघायला गेले.

तेवढ्यात तीन मिनिटं संपली.

सा.नं पुन्हा उघडली. सही माझी.

शनि., १० जाने.

 भरीत करपलं.

रवि., ११ जाने.

आता आठवलं. आठवायचं नव्हतं म्हणून आठवत नव्हतं, हे खरं.

त्या वर्षी एक माणूस आमच्या कॉलेजचं सर्टिफिकेट दाखवून कुठल्याशा दवाखान्यात लॅब टेक्निशियन झाला होता. कॉलेजची पायरीही चढलेला नव्हता. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे कुणा दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर व्हाइटनर लावून नाव बदललेलं. खाली शाईनं नव्यानं केलेली माझी सही, माझ्या सहीपेक्षा वळणदार. कोणाचं काही बरंवाईट झालं नाही ही देवाची कृपा. रक्त तपासत होता तो लोकांचं! तीन दिवस चौकशीला बसवलं मला. "ही सही तुमची नाही कशावरून?" घरी येऊन त्या रागात टिपणी लिहिली. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही.

म्हणजे कागद चुकीचा नाही. आजही म्हणेन, तो कागद हवाच. उद्या रुखसानाच्या जागी कोणी व्हाइटनरवाली येऊन सुई टोचायला लागली तर?

पण पुढचं वाक्य. "कोणत्याही सबबीवर, कोणासही, कोणत्याही स्वरूपात." ते रागानं लिहिलं. बरणीचं झाकण इतकं घट्ट लावलं की मुंग्याही जात नाहीत आणि लोणचंही काढता येत नाही. दहा वर्षं प्रत्येक पोरगी ती बरणी बगलेत घेऊन दारोदार हिंडतेय. आणि झाकण लावणारी बाई रिटायर होऊन साताऱ्यात गुलाबांना खत घालतेय.

रुखसानाला सांगितलं. सांगावंच लागलं. ती इतकी हसली की झुबेदा चुलीवरचं सोडून धावत आली.

"मावशी, म्हणजे तुम्ही तुमच्याशीच भांडायला सांगलीला गेला होता?"

"दोनदा," मी म्हटलं.

हसणं थांबल्यावर हळूच म्हणाली, "पण २३ तारीख तर तीच राहणार ना?"

हो. तीच राहणार.

मंगळ., १३ जाने.

साताऱ्याच्या तपासणी कार्यालयात गेले. क्लार्क तिशीतला, टेबलावर फायलींची भिंत, त्यामागे फक्त भांग दिसतो. शांत माणूस. म्हणाला, "मावशी, मला झेरॉक्सच पाहिजे असं नाही. उद्या तपासणीला कोणी आलं तर या फायलीत काय बघून मंजूर केलं, ते दिसलं पाहिजे. एवढंच."

हेच, हेच मी एकतीस वर्षं ज्युनिअरांच्या डोक्यात घालत होते.

मग विचारलं, "हाताने लिहिलेली नक्कल चालेल?"

"हाताने?"

"हाताने. अक्षर न् अक्षर. खाली 'नक्कल करणार' म्हणून एक सही, 'रुजवात घेणार' म्हणून संस्थेच्या अधिकाऱ्याची दुसरी सही, वर गोल शिक्का."

विचार केला त्यानं. साहेबांकडे जाऊन आला. "शिक्का आणि दोन सह्या असतील तर हाताने लिहिलेली काय, दगडावर कोरलेली पण चालेल. फक्त फाइलमध्ये मावली पाहिजे."

असा माणूस सरकारात आहे, आणि मी उगाच पेपर वाचून रोज चिडते.

झेरॉक्स यायच्या आधी आम्ही अशाच नकला करायचो. एकानं लिहायची, दुसऱ्यानं मूळ हातात धरून मोठ्यानं वाचायचं, पहिल्यानं शब्दाशब्दावर पेन्सिलीची टिंबं देत जायचं. ही रुजवात. लिहिणारा एकटा कितीही हुशार असो, दुसऱ्याच्या सहीशिवाय ती नक्कल म्हणजे नुसता कागद. माणसाला माणूस तपासायचा. यंत्र आलं आणि आम्ही ते विसरलो. तो निळा कागद यंत्राला अडवतो. हाताला कुठे अडवतो?

टिपणीत "कोणत्याही स्वरूपात" आहे म्हणा. पण ती लिहिणारी अजून जिवंत आहे आणि तिचं मत बदललंय.

बुध., १४ जाने. संक्रांत

झुबेदानं हळदीकुंकवाला येऊन मीच दिलेला तिळगूळ मला परत वाढला, वर स्वतःची शेवयांची खीर. बशीरभाईंनी माझ्या जुन्या कोटाला नवं अस्तर लावून दिलं, "सांगलीला रुबाबात जावा, बाई."

सा.चा मोबाइलवर निरोप: तिळगूळ घ्या, गोड बोला. उत्तर पाठवलं: शुक्रवारी सकाळी साडेदहाला येते. कोरा कागद, मूळ नोंद आणि तू, तिन्ही तयार ठेव.

संध्याकाळी अक्षर घोटलं. लहानपणी पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शुद्धलेखन चुकलं की तोच उतारा पन्नास वेळा लिहायला लावायच्या. एकदा जरी शाई सांडली तर पहिल्यापासून. तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलंय. सिस्टर, माफ करा. उपयोग झाला.

शुक्र., १६ जाने. सांगली

आजचा दिवस पूर्ण लिहिते.

खिडकी क्र. २ पूर्ण उघडी. कपाळावर चष्मावाली म्हणाली, "मॅडम, डाव्या कोपऱ्यातून ढकलते आता." आजीची मॅडम झाले. अकरा दिवसांत एवढी बढती मला नोकरीतही मिळाली नव्हती.

सा.च्या टेबलासमोर बसले. एका हाताला रुखसानाचं मूळ सर्टिफिकेट, समोर पडद्यावर रजिस्टरातली तिची नोंद. दोन्ही ताडून लिहायचं. सा.नं पासवर्ड टाकला. लिहायला लागले. नाव, आईचं नाव, प्रवेश क्रमांक... पडदा मिटला.

"टाक परत."

टाकला. विषय, श्रेणी... मिटला.

"परत."

प्रत्येक वेळी हा गृहस्थ पासवर्ड ओठात पुटपुटत टाइप करतो. सातव्या वेळेला चहा घेऊन आलेले बाबूराव शिपाई (माझ्याच वेळचे, पुढच्या वर्षी रिटायर) मागून म्हणाले, "साहेब, तुमी दमला आसाल तर सरका. मी टाकतो. मलाबी पाठ झालाय."

सा. पांढरा फटक. "बाबूराव!"

"आवं, म्या कुणाला सांगतोय. बायकोला बी न्हाई सांगनार. तिला लय पाठ राहतंय."

मी पेन खाली ठेवून हसले. चष्मावालीही हसत होती. शेवटी सा.सुद्धा हसला, कपाळाचा घाम पुसत. मग दारापर्यंत जाऊन बाहेर कोणी नाही ना ते बघून आला, आणि पासवर्ड बदलला. या वेळी ओठ मिटून.

मग रुजवात. मीच सांगितलं, सा.नं मूळ वाचायचं, मी टिंबं देणार. खणखणीत वाचलं त्यानं. मधेच थांबला. "मॅडम, 'उत्तीर्ण'वरचा रफार... नाही, बरोबर आहे." हा तोच मुलगा, ज्याला टाचणी लावता येत नव्हती. चष्मावाली शेजारी येऊन उभी. "असं करायचे पूर्वी? दोघांनी मिळून?" म्हटलं, असंच. तिनं शेवटच्या चार ओळी वाचून बघितल्या. छान वाचते. फक्त चष्मा डोळ्यांवर आणावा लागला.

एकही चूक नाही. मी सही केली. नक्कल करणार. कागद सा.पुढे सरकवला. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

काढलं, आणि तसाच बसला.

"मॅडम, एक बोलू? त्या चौकशीत तुम्हाला तीन दिवस बाहेर बाकावर बसवलं होतं. मी आतून बघत होतो. पाणी द्यायची पण माझी हिंमत झाली नाही. नंतर तुम्ही ती टिपणी लिहिलीत, मी पाठ केली. या खुर्चीत बसल्यापासून एकही प्रत दिली नाही. उद्या माझ्या सहीचं काही निघालं तर? मला त्या बाकावर नाही बसायचं."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. 

"संस्थेच्या सचिवांना विचारतो," म्हणाला. टोपण लावलं. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

येताना दाराबाहेरचा तो बाक बघितला. रंग नवा. बाक तोच.

शनि., १७ जाने.

रुखसानाला सांगितलं, अर्धं झालंय. ती म्हणाली, "अर्ध्या टाक्यावर पेशंट घरी सोडत नाही मावशी आम्ही." बरोबर बोलली.

घरी मी मूळ सर्टिफिकेटवरून आणखी एक नक्कल करून ठेवलीय. सवय.

सोम., १९ जाने.

सा. फोन उचलत नाही. दुपारी बाबूरावांचा आला, जिन्याखालून बोलत असावेत.

"बाई, सायेब तुमचा कागुद रोज ड्रॉवरातनं काढत्यात, वाचत्यात, परत ठिवून कुलूप लावत्यात."

"सचिवांना विचारलं का त्यानं?"

"दारापत्तुर जाऊन आलं दोनदा. आत गेलं न्हाईत. तोंडी इचाराया भ्या वाटतंय वो त्येंस्नी. कायतरी लिवलेलं हातात आसंल तर जातील."

बाबूराव, तुम्हाला अधीक्षक करायला हवं होतं.

सा.ला त्या बाकाची भीती वाटते. मग बाकावर त्याच्याऐवजी बसेल असा कागद द्यावा. माझ्या सहीनं त्याचे हात बांधले, माझ्याच सहीनं सुटायला हवेत.

मंगळ., २० जाने. सांगली

पहिली एसटी. सचिवांच्या नावाचं पत्र स्वतः आवक टेबलावर दिलं. चष्मावालीनं आवक क्रमांक टाकून पोच दिली, मी न मागता. सा. काचेतून बघत होता. हात केला. मीही केला. आत गेले नाही. पत्रानं आपलं काम करू दे.

शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते. (हाताने.)

"...सदर टिपणी मी लिहिली होती. तीत कागदाचा विचार होता, कागद हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता. ही उणीव माझी आहे, विद्यमान अधीक्षकांची नाही. त्यांनी माझ्या नियमाचे माझ्यापेक्षा अधिक निष्ठेने पालन केले आहे. सबब त्यांना या प्रकरणी जबाबदार धरू नये. चौकशी करावयाची झाल्यास मला बोलवावे. बाक माझ्या ओळखीचा आहे.

निळा कागद चालू ठेवावा. तो बनावटगिरीला आळा घालतो. मात्र प्रत्येक प्रमाणपत्राबरोबर साध्या कागदावरील, रुजवात घेतलेली, शिक्क्याची एक प्रत त्याच दिवशी द्यावी, आणि तिची नोंद एका वहीत ठेवावी. कोणाला, कधी, कशासाठी दिली, ही वही कोणत्याही कुलपापेक्षा चांगली राखण करील. मूळ रजिस्टरे गोदामातून परत आणावीत. तीन मिनिटांत मिटणारे दफ्तर हे दफ्तर नव्हे.

कु. रुखसाना बशीर यांची नक्कल अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये एका सहीवाचून पडून आहे. त्या ड्रॉवरपासून साताऱ्यापर्यंत एसटीने साडेतीन तास लागतात आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला एका मुलीचे नाव यादीत खाली जाते. नक्कल करणाराची सही झाली आहे. रुजवात घेणाराची जागा कोरी आहे. तेथे सही करण्याची परवानगी द्यावी, अथवा का देत नाही ते कळवावे.

उत्तर लेखी हवे. फोन, निरोप अथवा तिळगूळ हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. गुरुवार, दि. २२ जानेवारी, दुपारी तीन वाजेपर्यंत मी कार्यालयाबाहेरील बाकावर बसून वाट पाहीन. सव्वातीनची एसटी आहे."